बाबांचा पंप आणि साडेतीन हजारांची सायकल
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीच्या तरुण सचिवांचा फोन आला तेव्हा वाटले, वर्गणीची आठवण करून देत असतील. पण ते म्हणाले, "काका, यंदा एक संध्याकाळ तुमची. सायकलवर बोला." मी म्हटले, "अरे, सायकलवर बसतात, बोलायचे काय?" त्यावर ते म्हणाले, "रोज सकाळी लोक तुम्हाला पाहतात. साऱ्यांना एकच प्रश्न आहे, पेन्शन मिळत असूनही हे काका असल्या खटाऱ्यावर का फिरतात?" तेव्हा आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर समजा. मी वक्ता नाही. चाळीस वर्षे फायलींवर टिपण्या लिहिल्या. त्यामुळे बोलणे जरा मुद्देसूद होईल, रसाळ होईलच असे नाही. सांभाळून घ्या.

सुरुवात बाबांपासून करतो. माझे वडील १९५५ साली नोकरीनिमित्त नागपूरहून रायपूरला आले. तेव्हा नागपूर आपल्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि रायपूर त्याच राज्यातला एक जिल्हा. नागपूरच्या माणसाची बदली रायपूरला होणे म्हणजे घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणे. पण १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. बाबा गमतीने म्हणत, "मी परप्रांतात गेलो नाही, प्रांतच माझ्याखालून सरकला." इथे बसलेल्या अनेक घरांची हीच कथा आहे. काहींची कथा त्याहून जुनी, भोसल्यांच्या काळातली. वर्षे वेगळी, पण इथेच राहायचे हा निर्णय प्रत्येक घराने कधीतरी घेतलेला आहे.

बाबांनी तो निर्णय कधी घेतला, हे मला नेमके ठाऊक आहे. १९५७ साली त्यांनी हप्त्यावर सायकल घेतली तेव्हा. आई सांगायची, तोवर घरात पलंगसुद्धा नव्हता. परत जायचे झाले तर सामान नको म्हणून. सायकल आली आणि आईने ओळखले की आता हा माणूस इथला झाला.

ती सायकल होती रॅले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. हिरवा रंग, त्यावर सोनेरी रेघा, हँडलखाली पितळी बिल्ल्यावर बगळ्याचे डोके आणि मागच्या चाकात तीन गिअर. बुढापाऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या वाड्यात ती ओसरीवर उभी असे. दर रविवारी बाबा तिला पुसत, तेल देत आणि पंपाने हवा भरत. मी मधल्या दांडीखालून पाय घालून तिच्यावरच सायकल शिकलो, सप्रे शाळेच्या मैदानावर. माझ्या ढोपरांवर आजही त्या मैदानाच्या खुणा आहेत. ज्यांच्या नावाची ती शाळा, ते माधवराव सप्रे मराठी घरातले आणि हिंदीचे थोर संपादक. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेले. आपल्या शहरात मराठी माणसाच्या खुणा अशा पावलोपावली आहेत, फक्त आपण आता त्या गाडीच्या काचेआडून पाहतो.

सायकल आणि मराठी माणूस हे नातेही जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात दुकान काढले ते सायकलींचे. लक्ष्मणराव मुंबईला शिकवायला होते आणि बेळगावला दुकान सांभाळायचे त्यांचे बंधू रामूअण्णा. त्या दुकानातून पुढे नांगर, पंप, इंजिने आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे मराठी उद्योगाची पहिली पावले पायडलवर पडली, असे म्हटले तरी चालेल. त्या काळी सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची चीज. स्वातंत्र्यानंतर देशातच कारखाने निघाले. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ साली अॅटलस, लुधियानाला १९५६ साली हीरो. मग सायकल कारकुनाची झाली, शिक्षकाची झाली, दूधवाल्याची झाली. पुढे स्कूटर आली, मोटरसायकल आली, आणि सायकल फक्त गरिबाची उरली. जी वस्तू फक्त गरिबाची उरते तिच्याकडे आपण कसे पाहतो, हे मी वेगळे सांगायला नको. मीही तसाच पाहत होतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. १९९४ साली आम्ही वाडा सोडून स्वतःच्या घरात गेलो. ट्रक उभा होता, सामान चढत होते, मी घाईत होतो. बाबा निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. सायकल ओसरीच्या कोपऱ्यात, टायर बसलेले. नेमका भंगारवाला दारावरून गेला. मी त्याला थांबवले आणि साठ रुपयांत ती देऊन टाकली. संध्याकाळी नव्या घरी बाबांनी विचारले, "सायकल मागच्या फेरीत येतेय का?" मी म्हटले, "विकली. ठेवायला जागा कुठे आहे?" ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. पंप आहे ना?" पंप चुकून भांड्यांच्या पेटीत आला होता. त्यांनी तो काढला, पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आपल्या कपाटावर ठेवून दिला. त्यानंतर दहा वर्षे ते जगले. त्या दहा वर्षांत सायकलचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. रागावले असते तर बरे झाले असते. २००४ साली ते गेले. पंप कपाटावरच राहिला.

नंतर मीही निवृत्त झालो. रक्तातली साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, चाला. चालायचा मला कंटाळा. २०१९च्या डिसेंबरात एका कबाड्याकडे जुना पंखा द्यायला गेलो होतो. तिथे लोखंडी पलंगाच्या मागे एक सायकल उलटी पडलेली दिसली. मडगार्ड चेपलेले, सीटचे कातडे फाटलेले, सगळीवर काळा ऑइलपेंट फासलेला. पण पायडलपाशी जी दातेरी चक्री असते तिच्यात बगळ्यांची डोकी कातरलेली होती. माझे काळीजच थांबले. मी काळा रंग नखाने खरवडला. खाली हिरवा.

कबाडी म्हणाला, "हजार." मी म्हटले, "आठशे." नऊशेवर सौदा झाला. खरे सांगू? त्याने पाच हजार सांगितले असते तरी मी दिले असते. हातगाडीवर घालून सायकल घरी आणली. सौ. दारात उभी. म्हणाली, "पंखा द्यायला गेला होतात ना?"

आता दुरुस्तीची कथा. तरुण मंडळींपैकी काहींना यात रस आहे असे कळले, म्हणून थोडे तपशिलात सांगतो.

पहिले दोन दिवस मी घरीच उद्योग केला. इंजिनिअर नसलो म्हणून काय झाले, पाना तर आहे! डाव्या बाजूचे पायडल काढायला बसलो. पाना लावून जोर केला, हलेना. पाइप अडकवून जोर केला, तरी हलेना. शेवटी शेजारच्या मुलाला बोलावून दोघांनी मिळून जोर केला. मग समजले की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आम्ही दोघे मिळून ते दोन दिवस घट्ट करत होतो. त्या दिवशी मी शहाण्यासारखा उस्तादांकडे गेलो.

उस्ताद म्हणजे आमच्या भागातले सायकल मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे. दुकान कसले, एक टपरी, एक पेटी, पाण्याचे घमेले आणि छपराला टांगलेले टायर. सायकल पाहून ते उठून उभे राहिले. म्हणाले, "साब, ये तो खानदानी है." मी म्हटले, आधी हा काळा रंग काढून झकास नवा रंग देऊ. त्यांनी मानच हलवली. "नया रंग तो कोई भी मार देगा. पुराना रंग कहाँ से लाओगे?" मग रॉकेल आणि जुन्या बनियनच्या चिंध्या घेऊन आम्ही तो ऑइलपेंट इंच इंच सोडवला. वेळ लागला आठ दिवस. पण खालून हिरवा रंग आला आणि एके ठिकाणी बोटभर सोनेरी रेघही आली. निकलच्या भागांवरचा गंज आम्ही स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून घासून काढला. हा उपाय माझ्या सुनेने सांगितला, आणि तो खरोखर लागू पडतो.

क्रँकच्या कॉटर पिना गंजून एकजीव झाल्या होत्या. नवशिका माणूस त्यावर हातोडा घालतो आणि आतले छर्रे बसायची जागा बिघडवतो. उस्तादांनी रात्रभर तेल सोडले आणि सकाळी खालून लोखंडी नळीचा आधार देऊन एकच घाव घातला. पिन बाहेर! मागे चाळीस आणि पुढे बत्तीस तारा, त्यातल्या एकोणीस बदलाव्या लागल्या. मग चाकाचा आउट काढायचे काम. मी रोज शेजारी स्टुलावर बसून पाहत असे. चाक उभे असते ते लोखंडाच्या जाडीवर नाही, तारांच्या ताणावर. रिम डावीकडे झुकली तर उजवीकडची तार थोडी कसायची, डावीकडची थोडी सैल करायची. एकाच तारेवर सगळा ताण दिला तर ती तुटते, आणि तिच्या शेजारणी पाठोपाठ तुटतात. अध्यक्ष महोदय, मंडळाच्या कामाचेही तसेच आहे, एवढेच सांगून पुढे जातो. (हशा)

टायरची मला काळजी होती, पण ती व्यर्थ ठरली. या रॅलेला सव्वीस इंची टायर लागतो, तोच मापाचा टायर आपल्याकडच्या लेडीज सायकलींना आजही चालतो, म्हणून तो बाजारात सहज मिळतो. गिअरचा खटका मात्र तुटलेला होता. माझा भाचा पुण्याला असतो. त्याने बुधवारी जुना बाजार पालथा घातला आणि साडेतीनशे रुपयांत खटका मिळवला. त्याच भाच्याने नंतर मला कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय दाखवले. २०१७ साली त्यांनी ते सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बी.एस.ए.ची घडीची सायकलही तिथे आहे. पुण्याला जाल तेव्हा जरूर पाहा.

हिशेबाशिवाय कारकुनाचे भाषण पुरे होत नाही. सायकल नऊशे. टायर-ट्यूब सातशे. तारा आणि चाकांची मजुरी साडेसहाशे. ब्रेकची रबरे आणि तारा एकशे ऐंशी. चेन, छर्रे, कोन, कॉटर पाचशे चाळीस. सीटला नवे कातडे चारशे. तेल, रॉकेल वगैरे एकशे तीस. एकूण साडेतीन हजार, आणि पुण्याचा खटका वेगळा. उस्तादांनी इतक्या दिवसांच्या मेहनतीचे जे मागितले ते यात आहे. जे मागायला हवे होते ते नाही. त्याबद्दल पुढे बोलेन.

आता तुम्ही मनात जो प्रश्न विचारताय तो मीही विचारला. ही बाबांचीच सायकल का? आईच्या ट्रंकेत १९५७ची पावती होती, तिच्यावर सायकलचा नंबर. रॅलेचा नंबर सीटखालच्या जोडावर ठोकलेला असतो. पण मी आठ दिवस ती जागा साफच केली नाही. भीती वाटत होती. एके दिवशी उस्ताद मागच्या चाकाचे हब साफ करत होते. त्यावर 'स्टर्मी-आर्चर' असे कंपनीचे नाव आणि आकडे ठोकलेले दिसले. त्या हबांवर ते बनल्याचे वर्ष असते. आकडा होता ५९. बाबांची सायकल १९५७ची. उस्ताद म्हणाले, "चक्का तो बदला भी हो सकता है." फार मोह झाला, खोटे कशाला सांगू. घरी येऊन चष्मा लावला, सीटखालची जागा पुसली आणि पावती शेजारी धरली. एकही आकडा जुळत नव्हता.

त्या रात्री सौ.ला म्हटले, "ही आपली नाही. कुणाची तरी आहे." ती म्हणाली, "कुणाच्या तरी बाबांची असेल." दुसऱ्या दिवशी मी उस्तादांना सांगितले. ते तारा कसत होते. मान वर न करता म्हणाले, "तो अब नहीं चलाओगे?" मला उत्तर सुचले नाही. कारण खरे उत्तर असे होते की मी सायकल दुरुस्त करतच नव्हतो. मी १९९४ दुरुस्त करायला निघालो होतो. ते कुठल्याही पान्याने होणारे काम नव्हे. ते एकदा मान्य केले आणि मग मात्र सायकल नीट दुरुस्त होऊ लागली.

फेब्रुवारी २०२०मध्ये पहिली फेरी मारली आणि तिसऱ्याच दिवशी आपटलो. तेही सांगतो, कारण चूक माझी होती. या तीन गिअरच्या हबात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक पोकळ जागा असते. तार नीट जुळवलेली नसेल तर खटका त्या पोकळीत अडकतो, आणि पायडल एकदम मोकळे फिरते. उस्ताद म्हणाले होते, "दो दिन ठहरो, गेअर देख के दूँगा." मला दम निघाला नाही. उड्डाणपुलाच्या चढावर उभा राहून पायडल मारले, पायाखालचा आधारच गेला, आणि हनुवटीला चार टाके. उपाय अगदी साधा आहे. खटका दुसऱ्या गिअरवर ठेवायचा आणि उजव्या बाजूच्या नटाच्या भोकातून पाहायचे. आतल्या साखळीचा दांडा अॅक्सलच्या टोकाशी बरोबर समतल दिसला पाहिजे. हबात ग्रीस भरायचे नाही, पातळ तेलाचे थेंब सोडायचे. बस. दुसरी गोष्ट, जुन्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक फार कमी लागतो. पावसाळ्यात वेग निम्मा ठेवा. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा हवाच. आमच्या लहानपणी दिव्याशिवाय सायकल धरली तर पोलीस हवा सोडत असत. आता कुणी सोडत नाही, पण ट्रकवाल्याला आपण दिसलो पाहिजे.

टाके निघाले आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला.

बंधू-भगिनींनो, २०२०चा मे महिना रायपूरकरांनी विसरू नये असा आहे. टाटीबंध चौकात महाराष्ट्र-गुजरातकडून येणारे मजूर उतरत होते. ओडिशा, झारखंड, बंगालकडे निघालेले. कुणी ट्रकमधून, कुणी पायी, आणि कितीतरी सायकलींवर. शहरातल्या संस्था, गुरुद्वारे, साधी माणसे तिथे जेवण, पाणी, चपला देत होती. आपल्यापैकीही काही जण होते. एके सकाळी उस्तादांचा फोन आला. "साब, गाड़ी निकालो. मेरी पेटी उठती नहीं." मी रीतसर विचारपूस करून, तोंडाला रुमाल बांधून निघालो. कॅरिअरवर त्यांची पेटी बांधली. निघताना काय वाटले कोण जाणे, कपाटावरचा पंप काढला. वर्तमानपत्र सुटताना त्यावर १९९४ची तारीख दिसली. आतला चामड्याचा वॉशर सुकून गेला होता. खोबरेल तेलात भिजवला आणि तो जिवंत झाला.

चौकाजवळ एका झाडाखाली उस्तादांनी पोते पसरले आणि सहा दिवस तिथे बसले. ऊन कसे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. सायकली बहुतेक स्वस्तातल्या, काही तर निघतानाच घेतलेल्या. मागे संसार बांधलेला. ओझ्याने मागच्या चाकाच्या तारा तुटलेल्या, ब्रेकची रबरे संपून लोखंड रिमला घासतेय, चेन ढिली. उस्ताद एकेक चाक सरळ करत, पंक्चर काढत. मी पान्याचा हमाल आणि हवा भरणारा. पैसे घ्यायचे नाहीत हे त्यांनीच ठरवले होते. माझ्याकडून मात्र सोल्युशनचे डबे आणि तारांचा जुडगा मागवला.

तिसऱ्या दिवशी एक तरुण आला. ओडिशाचा होता. मी हवा भरू लागलो तर शुद्ध मराठीत म्हणाला, "काका, जास्त भरू नका, ट्यूब जुनी आहे." मी चमकलो. नागपुरात बांधकामावर सहा वर्षे होता, तिथे शिकला. चार दिवसांत नागपूरहून इथवर आला होता. मी पंप चालवत राहिलो. मनात आले, १९५५ साली याच रस्त्याने माझे वडील पोटासाठी इकडे आले होते. कुणी त्यांना पाणी दिले असेल, कुणी खोली दिली असेल. म्हणून मी आज इथे माझ्या घरी आहे आणि हा मुलगा त्याच्या घरी निघाला आहे. तो पंपाकडे बघून म्हणाला, "भारी आहे, जुना दिसतो." मी म्हटले, "वडिलांचा आहे." तो म्हणाला, "सांभाळा." आणि गेला. त्याचे नावही विचारायचे राहिले.

त्या दिवसापासून माझ्या मनातली १९९४ची बोच कमी झाली असे मी म्हणणार नाही. ती आहे. पण आता ती नुसती टोचत नाही, कामाला लावते.

आता माझा नेम सांगतो. पहाटे साडेपाचला निघतो. तात्यापारा, आमापारा, मग लाखेनगर. हे नगर ज्यांच्या नावाचे ते वामनराव लाखे. सप्र्यांचे 'छत्तीसगढ मित्र' १९०० साली निघाले त्यामागे तेही होते, आणि इथल्या सहकारी चळवळीचे ते आधारस्तंभ. तिथून सुंदरनगर, रायपुरा आणि महादेवघाट. खारूनच्या काठी हाटकेश्वराचे दर्शन, एक चहा आणि परत. साखर आटोक्यात आहे. गोळी एक कमी झाली, तीही डॉक्टरांना विचारून. गाडीतून जाताना मला लाखेनगर हा फक्त सिग्नल होता. सायकलवरून तिथल्या इस्त्रीवाल्याचा मुलगा कुठल्या वर्गात आहे तेही ठाऊक झाले.

मी काही मोठा सायकलपटू नाही. मोठे पाहायचे असतील तर आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ पाहा. २०१७ साली त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघात पुरी केली होती. ही मराठी माणसे. आणि आपण कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला स्कूटी काढतो!

शेवटी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली, प्रत्येकाच्या घरी गच्चीत, जिन्याखाली एक सायकल गंजत उभी आहे. मुलाने दहावीनंतर सोडलेली. ती भंगारात देऊ नका. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या आवारात सायकल दुरुस्तीचा दिवस ठेवू. उस्तादांना बोलावू, आणि मंडळाच्या निधीतून त्यांना पूर्ण दिवसाची योग्य मजुरी देऊ. मी मघाशी म्हणालो, त्यांनी मागायला हवे होते ते मागितले नाही. आपण इलेक्ट्रिशियनला, प्लंबरला देतो तेवढे तरी चाकाचा आउट काढणाऱ्याला द्यायला नको का? २०२०च्या जूनमध्ये अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो नेमका जागतिक सायकल दिनी. कारखाने बंद पडल्याच्या बातम्या येतात. टपऱ्या बंद पडतात त्याची बातमी होत नाही. उस्तादांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे, तो हे काम शिकलेला नाही. आता मीच थोडे शिकतो आहे, सदुसष्टाव्या वर्षी. माझ्याबरोबर दोन तरुण आले तर बरे होईल.

दुसरी विनंती अशी. आपल्या राज्यात सरस्वती सायकल योजनेत नववीत जाणाऱ्या गरीब घरच्या मुलींना सायकल मिळते. ही फार चांगली गोष्ट आहे. पण सायकल मिळते तिथे पंप मिळत नाही, पान्याचा संच मिळत नाही आणि पंक्चर काढायला कुणी शिकवत नाही. आपल्या कामवाल्या बाईंच्या मुलीची सायकल पंक्चर होऊन घरी पडली की तिची शाळा किती दिवस बुडते, एकदा विचारून पाहा. त्या दुरुस्तीच्या रविवारी या मुलींनाही बोलावू. एक दुपार पुरे. पंक्चर काढणे हे मोदक वळण्याहून सोपे आहे, आणि मला दोन्ही जमत नव्हते तेव्हाचा मी साक्षीदार आहे.

पुष्कळ बोललो. दाराशी माझी हिरवी सायकल उभी आहे, जाताना पाहून जा. बाबांची नाही, पण पंप बाबांचा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर आरतीनंतर या, भरून देतो.



गणपती बाप्पा मोरया!